चाखनमामा आणि गोड धातू

वैदूर्य हा शब्द फार जुना. विदूर नावाच्या ठिकाणाहून येते म्हणून त्या रत्नास वैदूर्य म्हणावे, असे व्याकरण सांगते. पुढे केव्हातरी व्यापाऱ्यांच्या गाठोड्यात बसून हा शब्द समुद्रापार गेला. वाटेत प्राकृताने त्याचे 'वेरुलिय' केले, ग्रीकांनी त्यास आपल्या जिभेवर घोळवले, आणि दोन हजार वर्षांच्या प्रवासानंतर तो रसायनशाळेच्या दारातून बाहेर पडला तेव्हा त्याचे नाव 'बेरिलियम' झालेले होते. शिकायला परगावी गेलेला चुलतभाऊ अंगात कोट चढवून परत यावा आणि घरच्या कोणालाच त्याची ओळख पटू नये, तशी त्याची अवस्था झाली.

ज्या कारखान्याची ही कथा, तेथे त्याच्या कुळाशी कोणालाच कर्तव्य नव्हते. तेथे त्याला नुसते 'निळा' म्हणत.

कारखाना लहान. गॅस भरण्याच्या केंद्रांसाठी ठिणगी न पाडणारे हातोडे, विजेच्या उपकरणांतल्या स्प्रिंगा आणि वेल्डिंगच्या यंत्रांना लागणारी टोके, एवढाच त्याचा पसारा. त्यासाठी दोन जातींचे तांबे लागे. एकात शंभरास दोन भाग बेरिलियम आणि किंचित निकेल. एवढ्याशा मिश्रणाने मऊ तांबे पोलादाशी बरोबरी करू लागते, वाकवले तर पुन्हा आपल्या जागी येते, आणि लोखंडावर आपटले तरी ठिणगीचे नाव काढीत नाही. दुसऱ्यात निकेल आणि सिलिकॉन, चिमूट चिमूट. तेही कणखर, परंतु पहिल्याच्या पंक्तीला बसण्याजोगे नव्हे. दोहोंचे रॉड एकाच जाडीचे, हातभर लांबीचे, आणि साठवणीच्या खोलीत शेजारी शेजारी ठेवले तर जुळे भाऊ. मूळच्या लांब रॉडवरील शिक्का तुकडे करताना निघून जाई. म्हणून पहिल्याच्या टोकास निळा रंग लावीत आणि दुसऱ्याच्या टोकास लाल.

हा रंग केवळ शोभेचा नव्हता. निळ्या रॉडला हात लावा, त्याला उशाशी घेऊन झोपा, तो काही करीत नाही. मात्र त्याला कोरडे घासले की जी धूळ उडते ती छातीत जाऊन बसते. काही माणसांची छाती ती निमूटपणे सोसते. काहींची मात्र तिच्याशी असे वैर धरते, की पुढे कित्येक वर्षांनी जिना चढणे हाच त्यांच्या आयुष्यातला पराक्रम होऊन बसतो. कोण कोणत्या जातीचे, हे अगोदर समजत नाही. यासाठी निळा रॉड घासायचा तो 'ओल्या खोलीत', म्हणजे बंद पेटीत, पाण्याच्या धारेखाली, धूळ ओढणाऱ्या पंख्यासमोर, तोंडाला जाड मुखवटा बांधून. लाल रॉड मात्र बाहेरच्या उघड्या बाकावर कोरडा घासला तरी चाले.

त्या कोरड्या बाकावर मामांची भाची काम करी.

मामा म्हणजे साठवणीचे प्रमुख. सारा कारखाना त्यांना मामा म्हणे. "खरी भाची मी एकटी," असे भाचीचे म्हणणे, "बाकीचे पंधरा जण घुसखोर." मामांच्या पाठीमागे मात्र ते पंधराही जण त्यांना चाखनमामा म्हणत, आणि या नावामागे एक इतिहास होता.

चाळीस वर्षांपूर्वी कारखान्यात एक वृद्ध केमिस्ट होते. त्यांनी तरुण मामांना एकदा सांगितले होते, "हा धातू ज्यांनी पहिल्यांदा हुडकला ना, त्यांनी त्याचे क्षार चाखून पाहिले. गोड लागले. म्हणून कित्येक वर्षं त्याचं नावच गोडीवरून पडलं होतं, ग्लुसिनियम. लोक वेडे होते. तुम्ही असलं काही करू नका." मामांनी हा उपदेश अत्यंत भक्तिभावाने ऐकला, फक्त शेवटचे वाक्य तेवढे त्यांच्या कानाआड गेले. दुसऱ्याच दिवशी त्यांनी निळ्या रॉडला जीभ लावली, आणि तो त्यांना गोड लागला.

क्षार गोड असला म्हणून तांब्यात मुरलेला धातू गोड असेलच असे नाही, ही शंका घ्यायला तेथे कोणी नव्हते. त्या दिवसापासून विधी सुरू झाला. कापून उरलेल्या, टोकाचा रंग हरवलेल्या तुकड्यांच्या बाबतीत तर तो अटळ होता. मामा तुकडा उचलीत, डाव्या तळहातावर दोनदा झुलवीत, चष्मा कपाळावर सारीत, डोळे मिटीत, आणि समाधी लागलेल्या मुद्रेने जिभेचे टोक धातूस लावीत. क्षणभर सारे स्तब्ध. मग "निळा" किंवा "लाल". चाळीस वर्षांत हा निकाल एकदाही चुकला नाही. कारखान्यात नवीन लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी दोन गोष्टी दाखवीत, अग्निशामक नळकांडे आणि मामांची जीभ.

दोन महिन्यांपूर्वी मामांना ताप आला. ताप चार दिवसांनी गेला तो जाताना चव घेऊन गेला. साखर, मीठ, मिरी, साबण, सारे एक. आणि निळा रॉड? निळा रॉडही त्याच रांगेत.

मामांनी हे कोणासही सांगितले नाही. गायकाचा गळा बसला तर लोक निदान हळहळतात, पण चव गेलेल्या चाखनमामांचे काय करायचे? कारखान्यात ते रोजच्याप्रमाणे जीभ लावीत राहिले आणि मनात येईल ते सांगत राहिले. बहुतेक रॉडांच्या टोकाला रंग होताच. तुकडे तेवढे जिभेच्या नावावर जात. घरी ते बहीण आणि भाची यांच्यासोबत राहत. तेथे प्रत्येक घासाला "झकास!" म्हणण्याची त्यांनी इतकी सवय लावून घेतली, की एकदा पाण्याचा घोट घेऊनही ते तसेच म्हणाले.

हे असेच आणखी काही वर्षे चालले असते. पण कारखान्यात नवे साहेब आले होते, आणि नव्या साहेबांना नीटनेटकेपणाचे वेड होते. शुक्रवारी मालकीणबाई कारखाना पाहण्यास येणार म्हणून बुधवारी त्यांनी एका रंगाऱ्यास बोलावून साठवणीच्या खोलीतली मांडणी दाखवली आणि म्हणाले, "ही सगळी राखाडी करून टाक. एक ठिपका वेगळा दिसता कामा नये."

रंगारी आपल्या कलेशी प्रामाणिक होता. गुरुवारी सकाळी साहेब आत आले तेव्हा मांडणी राखाडी होती, फळ्या राखाडी होत्या, आणि फळ्यांवर सुबक रचलेल्या बेचाळीस रॉडांची बेचाळीस टोकेही राखाडी होती.

"हे काय केलंस?" साहेबांचा आवाज एकदम वरच्या पट्टीत गेला.

"रंग दिला, साहेब."

"रॉडना कोणी द्यायला सांगितला होता?"

"तुम्हीच. म्हणालात, एक ठिपका वेगळा दिसता कामा नये. टोकांना लाल-निळे ठिपके होते."

"बरं, बरं. रॉड होते तिथेच परत ठेवलेस ना? आधी होते तसेच?"

"आधी कसेही होते, साहेब. मी नीट लावले."

साहेब एक रॉड उचलून त्याचे टोक निरखू लागले. मागे उभी असलेली भाची म्हणाली, "घाबरू नका. वरचा रंग खरवडला की खालचा दिसेल."

यावर रंगाऱ्याच्या चेहऱ्यावर जी वेदना उमटली ती खऱ्या कलावंताच्याच चेहऱ्यावर उमटते. "ताई, जुन्या रंगावर नवा रंग मारणारे वेगळे. आपण आधी थिनरनं पुसतो, मग तारेच्या ब्रशनं घासतो, मग अस्तर, मग दोन हात. खरवडा, हवं तेवढं खरवडा. खाली काहीसुद्धा सापडणार नाही." आणि जरा थांबून त्याने पुस्ती जोडली, "हमी."

परिस्थिती अशी होती. बेचाळीसांपैकी एकोणीस निळे आणि तेवीस लाल, हे मामांच्या वहीवरून ठाऊक होते. कोणता कोणता, हे मात्र आता वहीलाही ठाऊक नव्हते. वेल्डिंगच्या टोकांची मागणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रवाना व्हायची होती, आणि ती टोके लाल रॉडांतून, भाचीच्या कोरड्या बाकावर घडायची होती. नमुने प्रयोगशाळेत पाठवले तर उत्तरास आठ दिवस. सगळे रॉड ओल्या खोलीत घासावे म्हटले तर तेथे यंत्र एकच, आणि त्यास चार दिवस हवेत.

साहेब मात्र लवकरच सावरले, इतकेच नव्हे तर हसलेही. त्यांच्या टेबलाच्या खणात एक पिस्तूल होते. ते खरे पिस्तूल नव्हे; धातूवर रोखून चाप ओढला की त्यातून क्ष-किरण निघत आणि समोरच्या धातूत काय काय आहे ते पडद्यावर उमटे. विक्रेत्याने ते आठवडाभर वापरून पाहण्यास दिले होते.

"मामा, तुमच्या जिभेला आजपासून सुटी," साहेब म्हणाले. "हे विज्ञान आहे."

त्यांनी पहिला रॉड घेऊन त्यावर पिस्तूल रोखले. पडद्यावर आले: तांबे, निकेल किंचित. दुसरा रॉड: तांबे, निकेल किंचित. तिसरा, चौथा, दहावा, विसावा. बेचाळीसाव्यापर्यंत तांबे आणि निकेल किंचित. साहेबांचा चेहरा उजळत गेला.

"सगळे एकच! सगळे लाल. उगाच घाबरलो. न्या सगळे कोरड्या बाकावर."

"साहेब," मामा म्हणाले, "त्यात एकोणीस निळे आहेत. मी स्वतः मोजून ठेवलेत."

"वहीत चूक असेल."

"वही माझी आहे."

"तेच म्हणतोय मी."

भाची तोवर पिस्तुलाच्या डब्यातून निघालेले पत्रक चाळीत होती. छपाई मुंगीच्या पावलांएवढी, परंतु भाचीची नजर शाबूत होती. "साहेब, हे ऐका. 'अतिशय हलकी मूलद्रव्ये या यंत्रास ओळखता येत नाहीत; सिलिकॉनही थोडे असल्यास दिसत नाही.' आणि खाली दिलंय, 'यंत्राच्या तोंडावरची खिडकी बेरिलियमची असून तिला बोट लावू नये.'"

"खिडकी?" साहेबांनी पिस्तूल उलटे करून त्याच्या तोंडात पाहिले. तेथे कागदाहून पातळ अशी एक करडी चकती होती.

"बेरिलियम इतकं हलकं आहे की क्ष-किरण त्याच्यातून सरळ निघून जातात, जणू मध्ये काही नाहीच. म्हणून तर त्याचीच खिडकी बसवलीय. आणि म्हणूनच समोर आलं तरी ह्याला ते दिसत नाही."

"म्हणजे हा चष्मा लावून चष्मा शोधतोय," मामा म्हणाले.

रंगारी एवढा वेळ दाराशी उभा होता. तो खो खो हसला, आणि साहेबांनी पाहताच गंभीर झाला. साहेबांनी पिस्तूल खणात ठेवले, खण बंद केला, आणि विज्ञानाकडून पाठ वळवून ते मामांकडे वळले. त्यांचा सूर आता निराळा होता.

"मामा, आता तुम्हीच बघा."

ओल्या खोलीतला कामगार आला. लेथवरचे दोघे आले. जिभेचा महिमा ऐकला होता पण पाहिला नव्हता असे चौघेजण आले. मामांना नाही म्हणण्यास जागा उरली नाही. किंवा असे म्हणू, की जागा होती, परंतु तेवढ्या लोकांसमोर तिच्यात शिरण्याचे धैर्य नव्हते.

त्यांनी पहिला रॉड उचलला. डाव्या तळहातावर दोनदा झुलवला. चष्मा कपाळावर गेला, डोळे मिटले, जीभ टोकाला लागली. कसलीही चव नाही. ताज्या राखाडी रंगाचीसुद्धा नाही.

"लाल," ते म्हणाले.

दुसरा. "निळा." तिसरा. "निळा." चौथा. "लाल." पाचवा. "लाल." सहावा. "निळा."

"वा!" कोणीतरी म्हणाले. "काय जीभ आहे!"

भाचीने लाल म्हणून वेगळे काढलेले तीन रॉड बगलेत घेतले, गॉगल कपाळावर चढवला आणि ती बाकाकडे निघाली. "तू सांगत राहा, मी सुरुवात करते. आधीच उशीर झालाय," ती म्हणाली. तिने पहिला रॉड यंत्रात अडकवला. गॉगल डोळ्यांवर ओढला. तिचे बोट बटणाकडे गेले.

मामांच्या हातात सातवा रॉड होता. तो त्यांनी टाकून दिला. फरशीवर घंटेसारखा आवाज झाला.

"थांब! चालू करू नकोस!"

"काय झालं?"

"मला चव नाही."

"कशाची?"

"कशाचीच. दोन महिने झाले. तापात गेली." मामांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि तो पुन्हा काढून हातात धरला. "मी आत्ता नुसतं मनाला येईल ते बोललो. ते तीन रॉड काढ तिथून. निळे असतील, लाल असतील, मला काही कळलेलं नाही. काढ म्हणतो ना!"

भाचीने रॉड यंत्रातून सोडवला आणि तिन्ही बाजूला ठेवले.

पहिली बोलली ती भाची. "म्हणूनच! मामा, आई दोन महिने भाजीत मीठ घालत नाहीये. डॉक्टरांनी तुझं बंद केलंय ना. तू रोज झकास म्हणतोस, म्हणून ती सगळ्या आळीत सांगत फिरतेय, माझा भाऊ किती समजूतदार!"

दोघे-तिघे हसले. साहेब हसले नाहीत. "दोन महिने?" ते हळूच म्हणाले. "मामा, ह्या दोन महिन्यांत तुम्ही जिभेवर किती तुकडे सोडलेत?"

मामा खाली बसले. ते ज्या स्टुलावर बसले त्यावर रंगाऱ्याने सकाळीच दुसरा हात दिला होता, परंतु ते सांगण्याची ती वेळ नाही, हे रंगाऱ्यासही उमगले.

"सव्वीस," मामा म्हणाले. "त्यातले चौदा लाल म्हणून दिले." त्यांनी भाचीकडे पाहिले नाही. "सगळे तिच्या बाकावर."

आता हसणारेही थांबले. भाचीने मुखवटा हातात घेतला. साधा, कापडी, कोरड्या बाकावर पुरतो तेवढाच. तिने तो उलटून आतून पाहिला, जणू आत काही लिहिलेले सापडेल. मग तिने दीर्घ श्वास घेतला, आणि आपण नेमके काय करीत आहोत हे ध्यानात येऊन मध्येच थांबवला.

"चौदा," ती म्हणाली. "मामा, त्यांची केलेली टोकं अजून पाठवणीच्या पेटीत आहेत. परवा जायची होती, राहिलीत."

"असून काय उपयोग? दिसायला सगळी एक."

भाची पेटीकडे पाहून मामांच्या डाव्या हाताकडे वळली. मग म्हणाली, "तू हे आत्ता सहा रॉड सांगितलेस, ते कसे सांगितलेस?"

"सांगितलं ना, मनाला येईल ते."

"पण मनाला लाल का आलं? निळं का नाही आलं?"

"अगं, आलं! आता मनाला कोण विचारतं?"

"मी विचारतेय. तू जीभ लावायच्या आधी रॉड हातावर झुलवतोस. दरवेळी. का झुलवतोस?"

"सवय आहे."

"कधीपासून?"

मामांना आठवेना. भाचीने फरशीवरचा सातवा रॉड उचलला, आणि दुसऱ्या हातात दुसरा घेतला. डोळे मिटून तिने दोन्ही तोलले. तिला काही कळले नाही. परंतु एवढे झाल्यावर ती पाठवणीच्या वजनकाट्याकडे चालू लागली आणि तिच्या मागे सगळे चालू लागले.

"साहेब," चालता चालता ती म्हणाली, "बेरिलियम ॲल्युमिनियमपेक्षाही हलकं. तांब्यात वजनानं शंभरात दोनच भाग, पण जागा अडवतं दहा जणांची. बारीक अंगाच्या पाहुण्यानं अख्खी गादी अडवावी तसं. मग त्याच मापाचा निळा रॉड लालपेक्षा हलका नको का भरायला?"

साहेब म्हणाले, "ठेवा काट्यावर."

मामांनी लाल म्हणून सांगितलेला पहिला रॉड: एक किलो तीनशे नव्वद ग्रॅम. निळा म्हणून सांगितलेला दुसरा: एक किलो तीनशे. तिसरा, निळा: एक तीनशे. चौथा आणि पाचवा, लाल: एक तीनशे नव्वद, एक तीनशे एक्याण्णव. सहावा, निळा: एक दोनशे नव्याण्णव.

सहाच्या सहा बरोबर.

मग सगळे बेचाळीस रॉड काट्यावर चढले. ते तीनशेच्या गटात तरी पडले किंवा तीनशे नव्वदच्या. मधल्या जागेत एकही नाही. मोजले तेव्हा हलके एकोणीस, जड तेवीस. "वही कोणाची आहे?" मामांनी क्षीण आवाजात विचारले, आणि साहेबांनी मान खाली घातली.

परंतु भाचीचे लक्ष वहीत नव्हते. तिने पाठवणीची पेटी ओढली. ती टोके निरनिराळ्या मापांची असल्याने नुसत्या वजनाने भागणार नव्हते. तिने मापाची काचेची नळी आणली, तीत पाणी भरले, एक एक टोक आधी तोलले, मग पाण्यात सोडून पाणी किती चढले ते पाहिले, आणि आकडे सांगत गेली. साहेब भागाकार करू लागले. मामा येऊन तिच्यामागे उभे राहिले. त्यांच्या बैठकीवर राखाडी रंगाचा गोल उमटला होता, आणि त्या दिवशी कारखान्यात तो पाहून कोणी हसले नाही, यावरून त्या घटकेचे गांभीर्य समजावे.

"जड," साहेब म्हणाले. "जड. हेही जड. जड."

प्रत्येक तुकड्यातून एक टोक, अशी चौदा टोके. चौदाव्याला मामांनी डोळे मिटले.

"जड," साहेब म्हणाले. "सगळे लाल."

मामांनी डोळे उघडले. नंतर ते म्हणाले, "तरीही तू डॉक्टरकडे जाऊन छाती आणि रक्त तपासून घे. उद्याच."

"घेते. तूही ये. जीभ दाखवायला."

त्यानंतर जे झाले ते साहेबांच्या हट्टामुळे झाले. यंत्राने तोंडघशी पाडलेल्या माणसास दुसऱ्या कोणाची तरी कसोटी पाहिल्याशिवाय चैन पडत नाही. मामांच्या तोंडावर रुमाल बांधण्यात आला आणि उरलेले छत्तीस रॉड एकामागून एक त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवण्यात आले. मामांनी छत्तीसही रॉड बरोबर सांगितले. मग रुमाल काढून एकेक रॉड बाकावरच्या व्हाइसच्या जबड्यात आवळला, आणि मामांना हात पाठीमागे बांधून केवळ जिभेने निर्णय द्यायला सांगितले. ते दृश्य फारसे भव्य नव्हते. वाकून, मान तिरपी करून, मामांनी दहा रॉड चाखले आणि त्यांपैकी पाच चुकवले.

"चव नाही ना मला! ही कसोटी बरोबर नाही," ते कळवळून म्हणाले.

"मग मला आहे की चव," रंगारी म्हणाला, आणि कोणी अडवण्याच्या आत त्याने निळ्या रॉडला जीभ लावली. लगेच तोंड वाकडे करून थुंकला. "गोड कसला? तांब्याच्या नळाचं पाणी प्यायल्यासारखं लागतं. आणि रंग अजून ओला आहे."

अशा रीतीने चाळीस वर्षांचे एक आसन रिकामे झाले. सारे ज्ञान डाव्या मनगटात होते. ते प्रत्येक वेळी झुलवतानाच निकाल देऊन मोकळे होई, आणि जीभ ही दरबारातल्या हुजऱ्यासारखी, महाराजांचा कल पाहून "गोड आहे, गोड आहे" म्हणत आली होती. ताप आल्यावर हुजऱ्या गेला. महाराज होते तेथेच होते.

मामांना मात्र यात कसलेच समाधान वाटत नव्हते. "म्हणजे चाळीस वर्षं मी रॉड चाटले ते फुकटच?"

"फुकट कसे?" भाची म्हणाली. "स्वच्छ झाले ना."

साहेबांनी काट्याशेजारीच बसून नवा नियम लिहिला: यापुढे प्रत्येक रॉड आणि तुकडा साठवणीत येताना आणि बाहेर जाताना तोलला जाईल, कोणताही धातू तोंडाजवळ नेण्यास सक्त मनाई आहे, आणि रंगाऱ्यास साठवणीच्या खोलीत एकट्यास सोडू नये. लिहून झाल्यावर त्यांनी मामांकडे पाहिले. "मामा, ते तुम्ही थांबवलंत. सहाही बरोबर होते, हे तुम्हाला माहीत नव्हतं, तरी थांबवलंत."

"माहीत असतं तर थांबवलं असतं का?" मामा म्हणाले. "काहीतरीच विचारता."

तेवीस लाल रॉडांची टोके पुन्हा लाल झाली, एकोणीस निळ्यांची निळी. रंगाऱ्याने ते काम मोबदला न घेता आणि एकाच हातात केले, आणि त्याचे त्याला फार वाईट वाटले. भाची बाकाशी गेली. तिने पहिला रॉड हातात घेतला. त्याचे टोक लाल होते, त्याचे वजन कागदावर लिहिलेले होते, आणि आता कोणाला काही विचारण्याचे कारण उरले नव्हते. तरी ती मागे आली आणि तो रॉड तिने मामांपुढे धरला.

"सांग."

"काट्यानं सांगितलंय की."

"काटा माझा मामा नाही."

मामांनी रॉड डाव्या तळहातावर घेतला. एकदा झुलवला. दोनदा. चष्मा आपोआप कपाळावर गेला, डोळे मिटले, ओठ विलग होऊ लागले.

"मामा!"

ओठ मिटले.

"लाल," ते म्हणाले.

भाचीने मुखवटा चढवला, गॉगल खाली ओढला आणि बटण दाबले.